मदतनिधीची कडू बिअर: आधी चाखा, मग लेबल वाचा

मदतनिधीसाठी काढलेल्या बिअरबद्दल सहसा कुणी खरं बोलत नाही. पूरग्रस्तांसाठी, आगीत घर गेलेल्यांसाठी, एखाद्या आजाराच्या संशोधनासाठी म्हणून बिअर काढलेली असते, कॅनवर तसं छापलेलं असतं, आणि ते एकदा वाचलं की पिणाऱ्याची जीभ सभ्य होते. ‘छान आहे’ म्हणून माणूस मोकळा होतो. बिअरला कडूपणा आणि वास देणारे हॉप्स ताजे होते की गोदामात शिळे झालेले, याचा हिशेब मग कुणी मागत नाही. दुसरा प्रकार याच्या उलट. कॅन इतका मोलाचा वाटतो की तो फोडवत नाही. शोकेसमध्ये ठेवायचा, गणपतीला सगळे जमले की काढू म्हणायचं, आणि गणपती उलटून दिवाळी आली तरी तो तिथंच. हॉप्सच्या बिअरचं याहून मोठं नुकसान नाही.

म्हणून पुढच्या सगळ्या खटाटोपाचा भर दोन गोष्टींवर आहे. बिअर ताजी असताना फोडायची, आणि तिच्यामागची गोष्ट कळायच्या आधी चवीचा निकाल लावायचा. पैसे कुठं गेले हे विचारायचं, पण ग्लास रिकामा झाल्यावर. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवानाही हवा, तो सोपस्कार झालेला आहे असं धरून चालतो.

हॉप्स आणि मदतीची बिअर

हॉप्सची वेल असते, भांगेच्या कुळातली. मादी वेलीला खवल्याखवल्यांची हिरवी बोंडं येतात आणि खवल्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते. तिला लुपुलिन म्हणतात. बिअरचा कडूपणा आणि वास, दोन्ही त्या पुडीत. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, उकळत्या रसात बोंडं तासभर शिजली की त्यातली अल्फा आम्लं रूप बदलतात आणि कडूपणा उतरतो. पण तेवढ्या वेळात वासाची तेलं वाफेबरोबर निघून जातात. त्यामुळे वासासाठीचे हॉप्स उकळी संपता संपता टाकतात, किंवा बिअर आंबत आली की तिच्यात न शिजवता भिजत घालतात. या भिजवण्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. आयपीए नावानं जी बिअर मिळते तिच्यात हे काम सढळ हातानं केलेलं असतं. आणि बिअर जुनी होऊ लागली की सगळ्यात आधी हाच वास जातो, हे ध्यानात ठेवा. पुढच्या निम्म्या सूचना त्यासाठीच आहेत.

मदतीसाठी हॉप्सची बिअर काढण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. ८ नोव्हेंबर २०१८ ला ब्यूट काउंटीत वणवा पेटला, पॅराडाइज हे गाव जवळजवळ सगळं जळालं, ८५ माणसं गेली. शेजारच्या चिको गावात सिएरा नेवाडा ही जुनी ब्रुअरी आहे. तिनं ‘रेझिलिअन्स’ नावाच्या आयपीएची कृती सगळ्यांना खुली केली आणि इतर ब्रुअऱ्यांना सांगितलं की ही बिअर काढा आणि विक्रीचा सगळा पैसा मदतीला द्या. माल्ट आणि हॉप्सच्या व्यापाऱ्यांनी माल फुकट दिला. १,४०० च्या आसपास ब्रुअऱ्या सामील झाल्या. कृती साधी होती: कॅस्केड आणि सेंटेनियल हे दोन अमेरिकी हॉप्स, थोडा कॅरॅमल वळणाचा माल्ट, साडेसहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या अदर हाफ ब्रुअरीनं ‘ऑल टुगेदर’ नावाची अशीच खुली कृती दिली, हॉटेल-बारमध्ये काम करणाऱ्यांसाठी. तिच्यात मात्र सगळा पैसा द्यायचा नव्हता. काही भाग मदतीला, बाकीच्यात ब्रुअरीनं स्वतः तग धरायचा. दोन्ही योजना प्रामाणिक, पण हिशेब वेगळा. हा फरक शेवटी उपयोगी पडेल.

सांगलीच्या माणसाला अशा मदतीचं अप्रूप समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. भाकरीच्या चळती बांधून पाठवणाऱ्या गावांना कॅन आणि लेबलाची गरज पडली नाही, ते निराळं.

आणताना

आपल्याकडे अशी बिअर बहुधा दोन वाटांनी येते. एक पुण्याहून. तिथं २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांची बिअर, रुळली आहे आणि अधूनमधून कुणी ना कुणी एखाद्या कामासाठी खास बिअर काढतं. दुसरी वाट म्हणजे परदेशातून सुट्टीला येणाऱ्या पोरांची बॅग.

पोराला फोनवर सांगायचं असेल तर असं सांगा. अमेरिकेतले मोठे कॅन ४७३ मिलिलिटरचे असतात. चार कॅन म्हणजे १.९ लिटर, आणि माणशी दोन लिटरपर्यंतच्या मद्यावर कस्टम्सची सवलत आहे, त्यात ते बसतात. हातातल्या बॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्येच टाकावे लागतात. प्रत्येक कॅन जाड मोजात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवायचा. आणि निघायच्या आदल्या दिवशी घ्यायचा. महिनाभर आधी ‘विसरायला नको’ म्हणून घेऊन कपाटात ठेवलेला कॅन इथं पोचेपर्यंत निम्मा मेलेला असतो.

पुण्याहून आणताना मुख्य शत्रू गाडीची डिक्की. खंबाटकीचा घाट, सातारा, कऱ्हाड, पेठ नाका करत सांगलीत पोचायला चार-पाच तास लागतात आणि एप्रिलात बंद डिक्कीत हात ठेववत नाही. ब्रुअऱ्यांमध्ये एक ठोकताळा वापरतात, ३-३०-३००: बिअर ३२ अंशांत तीन दिवसांत जितकी बिघडते तितकी २२ अंशांत तीस दिवसांत आणि ३ अंशांत तीनशे दिवसांत. आकडे काटेकोर नाहीत, पण उन्हाळ्यात चाळिशीला टेकणाऱ्या आपल्या भागात ते भिंतीवर लिहून ठेवावेत. झाकणाचा थर्माकोलचा डबा, तळाशी आणि वर बर्फाच्या पिशव्या, डबा डिक्कीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी. ब्रुअरीतून मोठ्या बाटलीत भरून घेतलेली ताजी बिअर असेल तर तिला इतकंही आयुष्य नसतं. त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी संपवायची. कशीही आणा, बिल जवळ ठेवा. गोव्याची किंवा कागवाडच्या पलीकडची बिअर परवान्याशिवाय या बाजूला आणणं गुन्हा आहे. मित्राची गाडी आहे म्हणून तो माफ होत नाही.

घरी आली की फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, उभी. दारातल्या कप्प्यात नको, तिथं दिवसभर उबारा लागतो. एकदा गार केलेली बिअर पुन्हा गरम झाली की लगेच नासते असं बरेच जण सांगतात. तसं लगेच काही होत नाही. उबेत गेलेला एकूण वेळ मोजायचा, एवढंच. वीज गेली म्हणून घाबरून त्याच रात्री सगळे कॅन फोडायचं कारण नाही (मोह होतो, हे मान्य).

बाटली असेल तर उन्हापासून जपा. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा वास कुबट, उग्र येतो. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून हा उजेड सहज आत जातो, तपकिरी काच बराचसा अडवते, कॅनला प्रश्नच नाही. खिडकीत सजवून ठेवलेली बाटली ही फक्त सजावट, एवढं समजा.

तारीख

कॅनच्या बुडाशी तारीख छापलेली असते. अमेरिकी कॅनवर महिना आधी आणि दिवस नंतर, त्यामुळे ०३/०७ म्हणजे सात मार्च, तीन जुलै नव्हे. ती भरल्याची तारीख आहे की ‘याच्या आत प्या’ची, तेही पाहा. भरल्यापासून दोन महिन्यांच्या आत, गार राहिलेली असेल तर उत्तम. तीन महिन्यांपर्यंत ठीक. त्यानंतरही ती पिण्यालायक असते, आजारी पडणार नाही, पण ज्यासाठी ती काढली तो वास गेलेला असतो. अशी जुनी बिअर हातात आली तर ती चाखून ब्रुअरीला नावं ठेवू नयेत. दोष प्रवासाचा असू शकतो.

मांडामांड

चार जण पुरे. ४७३ मिलिलिटरचा कॅन चौघांत वाटला तर प्रत्येकाला साधारण ११८ मिलिलिटर येते, चाखायला तेवढी भरपूर होते. सहाजण झाले की पहिला फेस कुणाच्या वाट्याला आणि गाळ कुणाच्या, यावर चर्चा सुरू होते.

ग्लास काचेचा हवा, पोट रुंद आणि तोंड जरा आवळलेलं. वाइनचा ग्लास चालतो. स्टीलचा पेला नको. परमिट रूममध्ये मिळतो तसा बर्फ धरलेला मगही नको, त्यानं वास गोठतो आणि बर्फ वितळून बिअर पाणचट होते. ग्लास स्वच्छ आहे का हे बघायची सोपी युक्ती: आतून ओला करून बारीक मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास साफ. जिथं चिकटत नाही तिथं तुपाचा-तेलाचा हात लागलेला आहे. तसल्या ग्लासात फेस टिकत नाही आणि बुडबुडे काचेला धरून बसतात. पुन्हा धुवा, भरपूर पाण्यानं, आणि फडक्यानं न पुसता पालथा ठेवून वाळवा. स्वयंपाकघरातल्या फडक्याला फोडणीचा वास असतो.

खोलीतला वास ही आपल्याकडची खरी अडचण. संध्याकाळी देवापुढची उदबत्ती, कोपऱ्यात डासांची कॉइल, हातापायाला चोपडलेलं मलम, आणि आत कुणीतरी कांदा परतत असतं. हे सगळं तासभर आधी थांबवा किंवा गच्चीवर बसा. मावा-तंबाखू खाणाऱ्यानं निदान अर्धा तास आधी चूळ भरून बसावं. जेवून येऊ नये, अगदी उपाशीही बसू नये. तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनतिखटाचे, बिनफोडणीचे चुरमुरे ठेवा. भडंगाचा डबा झाकून आत. भडंगाशी माझं वैर नाही, पण मिरचीनं पेटलेल्या जिभेवर ही बिअर अन्याय सहन करत बसते.

आता या सगळ्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते काम. एक वासाचं ताट मांडा. छोट्या वाट्यांमध्ये मोसंबीची ताजी साल, ईडलिंबाची साल, पपनसाची फोड, कैरीचा काप, पिकलेला पेरू, चुरगळलेला गवती चहा, नुकतं कापलेलं गवत, शेपूची काडी, काळी मिरी भरडून, तासगावचा बेदाणा, चमचाभर काकवी आणि तव्यावर कडक भाजलेला पावाचा तुकडा. सगळं मिळालं नाही तरी सहा-सात वाट्या पुरतात. बिअर फोडायच्या आधी प्रत्येकानं एकेक वाटी नाकाशी न्यायची. मोसंबीची साल नाकाजवळ दुमडून दाबली की तेलाचे बारीक तुषार उडतात, बोटाला ओलसर लागतात आणि क्षणभर नाक झिणझिणतं. तो वास आणि आतल्या रसाचा वास वेगळे आहेत. हॉप्समध्ये बहुतेक वेळा सापडतो तो सालीचा. हे एकदा कळलं की ‘लिंबासारखं काहीतरी’ म्हणण्याची वेळ येत नाही.

लपवून ओतायची

एकानं यजमान व्हायचं, म्हणजे बिअर कुठली हे फक्त त्याला माहीत. त्यानं आत जाऊन ओतायचं आणि कॅन बाहेर आणायचा नाही. शक्य असेल तर दोन ग्लास: एकात मदतीची बिअर, दुसऱ्यात तिच्याच जातीची दुसरी एखादी आयपीए. ती न मिळाल्यास दुकानातली नेहमीची हलकी बिअर, म्हणजे लागर, चालेल, मग फक्त हॉप्सचा फरक कळेल, बरंवाईट ठरवता येणार नाही. क्रम यजमानानं मनात ठेवायचा.

बिअर ७ ते १० अंशांवर हवी. फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणजे हिवाळ्यात कॅन बाहेर काढून दहा-बारा मिनिटं थांबायचं, आणि मे महिन्यात ओतून ग्लास टेबलावर येईपर्यंतच काम होऊन जातं. ओतताना ग्लास तिरपा धरून सुरुवात, निम्म्यावर सरळ, वर दोन बोटं फेस. फेस वाया गेला म्हणून हळहळू नका. वास वर आणतो तो फेसच. आणि मीठ टाकू नका. काहींना बिअरमध्ये चिमूटभर मीठ टाकायची सवय असते. मिठानं वायू फसफसून निघून जातो आणि कडूपणा दबतो. आज आपल्याला तोच तपासायचा आहे.

बघणं

यात फार वेळ घालवू नका. रंग सोनेरी की तांबूस, नितळ की गढूळ, फेस किती टिकतो. गढूळपणा हा दोष नाही. हल्लीच्या बऱ्याच आयपीए मुद्दाम गढूळ ठेवतात. फिकट सोनेरी असायला हवी ती मातकट, करडी दिसत असेल तर मात्र हवा लागल्याची शंका घ्या.

वास घेणं

ग्लास आला की लगेच, पहिल्या मिनिटातच. ग्लास हलकेच गरगरवा, नाक आत घाला, एक लांब श्वास न घेता दोन-तीन छोटे हुंगे. बाजूला घ्या. स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं. मग पुन्हा. दुसऱ्यांदा तळहातानं ग्लास झाकून गरगरवा आणि हात काढताच हुंगा. या टप्प्यावर कुणी बोलायचं नाही. पहिला माणूस ‘आंबा’ म्हणाला की उरलेल्या तिघांनाही आंबाच यायला लागतो. कागदावर लिहायचं, बोलणं नंतर.

पहिल्यांदा चाखणारा बहुधा जे लिहितो ते असं: ‘मर्दा, साबणाचा वास येतोय.’ हसू नका, तो बरोबर आहे. लिनालूल नावाचं द्रव्य हॉप्समध्ये असतं, धण्यात असतं आणि सुवासिक साबणातही घालतात. त्याला धणे हुंगायला द्या, मग पुन्हा ग्लास.

नुसतं ‘फळांचा’ लिहून थांबू नका. ताटाकडे परत जा. कॅस्केड हा हॉप्सचा वाण अमेरिकेत १९७२ मध्ये लागवडीला आला, तिथल्या क्राफ्ट बिअरची ओळखच त्यानं घडवली. त्यात पपनसाची साल आणि फुलं सापडतात. सेंटेनियल १९९० चा, लिंबाकडे जास्त झुकणारा. हे दोन्ही असतील तर बिअर जुन्या वळणाची, रेझिलिअन्सच्या घराण्यातली. सिट्रामध्ये आंबा आणि लिची. मोझेकमध्ये पिकलेला आंबा, बोरांची जात आणि थोडी राळ. सिमकोमध्ये देवदाराचं लाकूड, राळ. सोराची एस नावाचा जपानी वाण आहे, त्यात लिंबाबरोबर चक्क शेपू येतो. आमच्याकडे शेपू न आवडणारे निम्मे आहेत, त्यांनी तो ग्लास लगेच ओळखला. समिट वाणातून कांदा-लसणाचा वास येऊ शकतो. आपल्या भागात कांदा-लसूण मसाल्याच्या बरण्या घरोघरी असल्यानं हा वास कुणाच्या नजरेतून सुटत नाही, फक्त तो बिअरमधून येतोय की स्वयंपाकघरातून, एवढं उठून बघायचं. ईस्ट केंट गोल्डिंग्ज, साझ यांसारख्या युरोपी वाणांत फळं कमी. माती, वाळलेलं गवत, मसाला, फुलं.

वाण ओळखता आलाच पाहिजे असं नाही. साल, फळ, फूल, गवत, राळ, मसाला यांपैकी कुठलं पुढं आणि कुठलं मागं, इतकं लिहिलंत तरी नोंद कामाची झाली. हॉप्सच्या मागं माल्टही शोधा: भाजका पाव, बिस्किट, काकवी, बेदाणा.

घोट

पहिला घोट छोटा, आणि तो सोडून द्या. जीभ फक्त जागी होते. दुसरा घोट तोंडभर फिरवा, सगळीकडे लागू द्या. कडू चव जिभेच्या फक्त मागच्या भागाला कळते हा शाळेतल्या नकाशावरचा गैरसमज आहे. ती सगळीकडे कळते. गिळा, तोंड बंद ठेवून नाकातून श्वास सोडा. तोंडातून मागच्या वाटेनं नाकात जाणारा वास तेव्हा कळतो, आणि हॉप्सची खरी श्रीमंती तिथं असते. विश्वास बसत नसेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या, गिळा, आणि मग चिमटी सोडा. नाक बंद असेतो फक्त कडू, थोडं गोड आणि झिणझिण्या. सोडल्याक्षणी साल, आंबा, गवत, सगळं एकदम येतं. जमलेल्यांपैकी ज्याला ‘ही सगळी नाटकं आहेत’ असं वाटत असतं त्याच्यावर हा प्रयोग आधी करावा.

आता कडूपणा. घोट गिळल्यावर लगेच शेरा मारायचा नाही. हॉप्सचा कडूपणा उशिरा चढतो आणि रेंगाळतो, म्हणून मनात वीसपर्यंत मोजा. तो किती आहे यापेक्षा कसा जातो ते बघा. चांगल्या बिअरमध्ये तो चढतो, थांबतो आणि साफ उतरतो, पुढचा घोट घ्यावासा वाटतो. वाईट बिअरमध्ये तो घशाशी खरखरत बसतो. इथं कडू आणि तुरट यांत गल्लत करू नका. जीभ आखडली, दातांवर पिठूळ थर बसल्यासारखा वाटला, कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर वाटतं तसं, तर तो तुरटपणा. थोडा असतोच. ड्राय हॉपिंग जास्त झालं किंवा हॉप्सची पूड नीट खाली बसली नाही तर वाढतो. कॅनच्या तळाचा शेवटचा ग्लास तुरट लागला तर कारण गाळ.

आयबीयू हा आकडा लेबलावर असतो, त्याच्या नादी फार लागू नका. लिटरमागे कडू द्रव्य किती, ढोबळमानानं इतकंच तो सांगतो. साठ आयबीयूची भरपूर माल्ट असलेली बिअर चाळीसच्या कोरड्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते. मेथीची भाजी गूळ घालून आणि न घालून खाणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर कडूपणा साचत जातो, मधे पाणी आणि चुरमुरे.

ग्लास अर्धा राहू द्या, दहा मिनिटांनी पुन्हा चाखा. गरम होत गेली की लपलेलं वर येतं, चांगलंही आणि वाईटही. साडेसहा टक्क्यांचं अल्कोहोल गार असताना जाणवत नाही आणि ऊब आली की घशाशी जाळ होऊ शकतो.

दोष

मदतीची बिअर आहे म्हणून इथं हात आखडू नका. ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या वहीचा वास किंवा फळं नाहीशी होऊन उरलेला शिळ्या मधाचा गोडवा: हवा लागली आहे किंवा वय झालं आहे. कुबट, उग्र वास: ऊन लागलं. लोण्याचा, बटर पॉपकॉर्नचा वास: आंबवण पूर्ण व्हायच्या आधी घाईनं काढली. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास: उकळण किंवा पुढचं थंड करणं नीट झालं नाही. कच्च्या सफरचंदाचा: पुन्हा घाई. आंबट व्हायला नको ती आंबट: जंतू शिरले. खुली कृती घेऊन नेहमीच्या कामातून वेळ काढून घाईनं काढलेल्या बिअरमध्ये लोणी आणि सफरचंद जास्त सापडतात, असं माझं मत झालं आहे. चांगल्या कारणानं यीस्टला कामाची घाई होत नाही.

निकाल, मग कॅन

प्रत्येकानं कागदावर तीन ओळी लिहायच्या: वासात काय पुढं होतं, कडूपणा कसा गेला, आणि पूर्ण ग्लास पैसे देऊन घ्याल का, हो की नाही. कागद पालथे टाकायचे. त्यानंतरच यजमानानं कॅन बाहेर आणायचा आणि लेबल मोठ्यानं वाचायचं. निकाल बदलायचा नाही. ‘अरेरे, मला माहीत असतं तर’ हे वाक्य हमखास येतं. आमच्याकडे त्याला दंड आहे, पुढच्या वेळचे चुरमुरे आणायचे.

मग लेबलाची चौकशी. पैसे कुणाला मिळणार, संस्थेचं नाव आहे का, की ‘गरजूंना’ इतकंच मोघम? सगळी विक्री, नफा, नफ्यातला काही भाग, की कॅनमागे ठरावीक रक्कम? ‘नफा’ लिहिलं असेल तर खर्च वजा जाता काय उरलं ते ब्रुअरीच जाणे. ‘कॅनमागे इतके’ असेल तर हिशेब तुम्हालाच करता येतो. आणि रक्कम दिल्यावर ब्रुअरीनं ते कुठं जाहीर केलं का? महाराष्ट्रात बिअरच्या किमतीतला मोठा वाटा उत्पादन शुल्क आणि करांचा असतो, तेव्हा महाग कॅन घेतला म्हणजे मोठं दान झालं असं मानू नका. त्यावर ८०जीची, म्हणजे आयकरात सवलत देणारी, पावतीही मिळत नाही. काम पटलं असेल तर त्या संस्थेला किंवा आपल्याच तालुक्यातल्या तसल्या एखाद्या कामाला सरळ पैसे द्या आणि पावती घ्या. आम्ही कॅन फोडला की ताटाशेजारी वाटी ठेवतो. बिअर आवडली नाही तरी वाटीत टाकायचे.

एक पथ्य मात्र पाळा. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गावांत बायकांनी मतदान घेऊन दारूचं दुकान बंद पाडलं आहे, ‘आडवी बाटली’ला मत देऊन. अशा गावातल्या संस्थेला बिअरच्या निमित्तानं जमलेले पैसे द्यायचे असतील तर आधी विचारा. नको म्हणाले तर वाद घालू नका.

नंतरचं खाणं

कागद गोळा झाले की भडंग बाहेर यायला हरकत नाही, पण तिखटानं हॉप्सचा कडूपणा आणि अल्कोहोलचा जाळ दोन्ही वाढतात, हे सांगून ठेवा. तांबड्या रश्श्याबरोबर आयपीए घेऊन जिगर दाखवणारे असतात, त्यांना चव कळत नाही, फक्त घाम येतो. खारे शेंगदाणे, कांदाभजी, तळलेली मासळी उत्तम, कारण मीठ कडूपणा आवरतं आणि तेलकटपणा बिअर धुऊन काढते. माझी पसंती साताऱ्याच्या कंदी पेढ्याला. भाजलेल्या खव्याची गोडी आणि पपनसाच्या सालीचा कडूपणा समोरासमोर आले की पेढा कमी गोड लागतो आणि बिअर कमी कडू. अर्धाच पेढा घ्यायचा.

गाडी कुणी चालवायची हे बिअर ओतायच्या आधी ठरलेलं असावं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि साडेसहा टक्क्यांच्या बिअरचा ग्लास नेहमीच्या लागरपेक्षा लवकर तिथं नेतो. कॅनमध्ये उरलेली बिअर झाकून फ्रिजमध्ये ठेवू नका, सकाळपर्यंत तिच्यात काही राहत नाही. भज्यांच्या पिठात पाण्याऐवजी घाला, भजी हलकी होतात. फक्त हॉप्स फार कडू असतील तर निम्मं पाणी.